तीन उड्या

खरं सांगतो, बपेऱ्याकडच्या त्या लोकांबद्दल मला काडीचाही आदर नव्हता. जमिनीखालचं गरम पाणी शोधायचं, त्यावर वीज काढायची, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरेना. खालचे बारके भूकंप मोजले की भेगा कुठे आहेत ते कळतं, म्हणून शिवारात आम्ही पाच यंत्रं पुरली होती. त्यातलं एक सुखरामच्या अंगणात. रोज दुपारी मी जायचो, यंत्राशेजारी तीन उड्या मारायचो. लॅपटॉपवर तीन रेघा उमटल्या की यंत्र ठीक.

"साहेब, तेथं पाय नका आपटू जी," म्हातारा पहिल्याच दिवशी म्हणाला. "खाली आयकू जाते."

"कोणाले? गांडुळाले?"

तो ओशाळला. आत खाटेवर त्याची बायको आनंदाबाई, दोन वर्षांपासून दोन्ही पाय लुळे पडलेली. "बुढी भेते जी," एवढंच पुटपुटला. मी अजून जोरात उड्या मारल्या. असल्यांचे लाड करायचे नसतात.

सोमवारी माझ्या तीन रेघांनंतर मिनिटभरानं आणखी तीन उमटल्या. पाचही यंत्रांवर. खोली दोन हजार मीटर, नेमकी त्या घराखाली. भेग सापडली म्हणून मी खूश झालो. मंगळवारी बाराशे. बुधवारी चारशे.

गुरुवारी सुखरामनं हात जोडले. "रोज जवळ येऊन राहिलं जी... बुढीच्या खाटेखाली. तिले तरी सोडा."

अडाणी ते अडाणीच, म्हटलं, आणि सगळा भार टाकून तीन उड्या मारल्या.

मिनिट गेलं. मग घरातून आवाज आला. धप्... धप्... धप्.

लॅपटॉपवर आकडा आला, उणे एक मीटर. उणे म्हणजे जमिनीच्या वर.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही जी... बुढीच. सकाळपासून निजली आहे, म्हणून उठवलं नाही."

आम्ही आत गेलो. आनंदाबाई उताणी पडली होती. अंग ताठ, गार. जीव जाऊन बरेच तास झाले असावेत. सुखराम पायाशी बसला, पायांवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

मग मी, शहाण्यानं, हात लावला. भर वैशाखात तिच्या दोन्ही तळव्यांना ओला, काळा गाळ लागला होता. कढत. त्यातून अजून वाफ निघत होती.