मागचं डावं चाक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या साडूंच्या बाबतीत घडलंय, आणि ते थापा मारणारे नाहीत. शिवाय रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती, टायरवाल्याचं दुकान होतं, समोर रहदारी चालू होती.

साडू बसचे निवृत्त ड्रायव्हर. बायको लांबलेल्या आजारपणात गेली. शेवटी शेवटी तिला घरच्या गाडीत मागे आडवं करून दवाखान्यात न्यावं लागायचं. पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. त्या साडूंनी स्वतःच्या हातांनी धुतल्या.

एकदाही नाक मुरडलं नाही.

आता मुलगी बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आलेले. घरात गाडी एकच. ऐनवेळी दगा नको म्हणून त्यांनी सस्पेन्शनचं काम करून घेतलं, मागचे टायरही नवे टाकले.

गाडी घरी आली आणि पिवळा दिवा लागला. मागच्या डाव्या चाकात हवा कमी.

हवा तपासली. बरोबर होती.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, थोडी फिरवा, कामानंतर चाकं नव्याने ओळखायला गाडीला वेळ लागतो. साडूंनी फिरवली. मुलीला म्हणाले, "जन्मभर टायरला लाथ मारून हवा ओळखली. आता ही गाडी मला शिकवणार."

दिवा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी जागच्या जागी चालू करून पडद्यावरचे हवेच्या दाबाचे आकडे बघत बसले. तीन चाकं स्थिर. मागचं डावं...

तेहतीस. एकतीस. तेहतीस. एकतीस.

सावकाश. श्वासासारखं मध्येच अडकून. मग पुन्हा.

शेजारी चाकाचं तापमानही दिसतं. रात्रभर उभी असलेली गाडी, तीन चाकं गार. त्या एकाचं... एकोणचाळीस. माणसाच्या तापात एकशे दोन.

आजाऱ्याच्या उशाशी बसून ताप मोजलेल्या माणसाला तो आकडा बघून काय वाटलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. 

दुपारी ते टायरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, चाकातला हवा मोजणारा सेन्सर बिघडला असणार, टायर उतरवून बघू. त्याने चाक खोललं, हवा सोडली...

आणि तोंडावर हात दाबून मागे सरला.

"काका, आत काय मेलंय?"

ओल्या, चिघळलेल्या जखमेचा वास. त्यावर फिनेल. आणि खाली कुठेतरी गोडसर... बरेच दिवस न धुतलेल्या, औषधांनी आंबलेल्या तोंडाचा.

टायर रिमवरून निघाला. आत पिवळट, तार धरणारा चिकटा. पंक्चरचं द्रावण म्हणावं, तर टायर कोरा करकरीत. त्या चिकट्यात पातळ पांढरे पापुद्रे होते. सोलून निघालेल्या कातडीसारखे.

एक टायरवाल्याच्या अंगठ्याला चिकटला. तो झटकत राहिला. निघेना.

साडू गटारापाशी जाऊन ओकले. त्याच वासात ते कित्येक महिने जेवले होते, झोपले होते. 

"सेन्सर कुठंय?" टायरवाल्याने विचारलं.

रिमवर साधा रबरी व्हॉल्व्ह होता. सेन्सर नव्हताच. गॅरेजवाल्याला फोन लावला. बराच वेळ अंअं करून त्याने कबूल केलं, टायर काढताना तो तुटला, म्हणून फेकून दिला.

"मग आकडा कोण पाठवतंय?"

चाक उघडं जमिनीवर पडलेलं. आणि गाडीतल्या पडद्यावर...

तेहतीस. एकतीस. तेहतीस.

साडूंनी रिमसकट सगळं नवं घातलं. सेन्सरही. दिवा विझला. चारही आकडे गप्प झाले. तरी मुलीला त्या गाडीतून न्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण पहाटे कळा सुरू झाल्या आणि बोलावलेली टॅक्सी आलीच नाही.

मुलगी मागे आडवी झाली. साडूंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. एक डोळा रस्त्यावर, एक पडद्यावर.

काही झालं नाही. वाससुद्धा नाही.

नात झाली. दोघी सुखरूप. साडू आत गेले तेव्हा मुलगी थकून हसली.

"बाबा, रस्ताभर तुम्ही हात धरून होतात ना, म्हणून निभावलं."

साडूंनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

"पण तुमच्या हाताला काय लागलं होतं हो? चिकट होतं. वास जात नाहीये."

त्यांनी ओला रुमाल घेऊन तिचा हात पुसला. साबण लावून पुन्हा पुसला. पुसतच राहिले.

तेवढ्यात नर्सने बाळ आणून त्यांच्या हातात दिलं. बाळाने जांभई दिली. इवलंसं तोंड, अगदी त्यांच्या नाकापाशी...

साडूंनी श्वास रोखून धरला.

नात आता रांगते. आजोबांकडे झेपावते. ते उचलतात, खेळवतात, सगळं करतात. पण तिने तोंड जवळ आणलं की त्यांची छाती हलायची थांबते. मी स्वतः पाहिलंय.

त्या बाळाच्या तोंडाला कसला वास येतो, हे त्यांनी अजून हुंगून पाहिलेलं नाही.