ब्रेकमधलं नाव

हे खरं घडलेलं आहे. सांगायला माझाच धीर होत नव्हता. पण निकेत माझा सख्खा भाचा, आणि तो खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षीचा जानेवारी. रविवारची दुपार. न्हावा शेव्याच्या मागचं गाव, मिठागराला लागून क्रिकेटचं मैदान.

त्या मैदानावर इतकी वर्षं माईक एकट्या काळूरामचा, निकेतच्या वडिलांचा.

"चेंडू गेला मिठागरात! आता खारवूनच येल परत!" तो ओरडला की अख्खं गाव हसायचं.

पण पहिल्या चेंडूआधी तो टोपी काढायचा. गावचे वारलेले खेळाडू... एकेकाचं नाव घ्यायचा.

त्या जानेवारीच्या आधीच्या दिवाळीत तो वारला. जाण्याआधी त्याने निकेतचा हात धरला.

"बाला, आता माजा नाव तुला घेवाचा हाय. आपला नाव आपुन घेवाचा न्हाय."

"घेईन, बाबा."

आणि त्याच मोसमात एक परदेशी स्पोर्ट्स चॅनेल गावात आलं. चार देशांतून चाळीस देशांत पसरलेलं. आता त्यांना आमचे टेनिस बॉलचे सामनेही हवे होते. मराठी कॉमेंट्रीला निकेत. सामना नीट झाला, तर नोकरी पक्की.

"आधी नावं घ्यायचीत," तो चाचरत म्हणाला.

"कोणाची?" प्रोड्युसर अमिषा हसली. "यार निकेत, दुबईत कोण ओळखतं यांना? पहिल्या चेंडूआधी ॲड्स आहेत."

निकेतही हसला.

ब्रेक लागला. हेडफोन गप्प.

मग... कोणीतरी खाकरलं.

"अंबाजी..."

तोच घोगरा आवाज.

"हसुराम... पदाजी..."

अमिषा शेजारीच होती. हेडफोन लावून, निवांत. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

मैदानावर भोंगा लावलेलाच नव्हता. तरी म्हातारी माणसं... टोप्या काढून उभी राहिली होती.

"आणि..."

आवाज थांबला. वाट बघत.

एकच नाव घ्यायचं होतं. माईक तोंडाशी होता.

निकेतने अमिषाकडे पाहिलं. आणि गप्प बसला.

ब्रेक संपला.

नोकरी मिळाली. चॅनेल वाढतच गेलं. निकेत मुंबईच्या स्टुडिओत बसून देशोदेशीचे सामने सांगू लागला. पण सामना कुठलाही असो, ब्रेक लागला की...

"आणि..."

यंदा जानेवारीत तो रजा टाकून गावी गेला. चॅनेल आलं नव्हतं. त्याने भोंग्याचा माईक घेतला, टोपी काढली, सगळी नावं घेतली. शेवटी म्हणाला, "काळूराम."

भोंगा खरखरला.

"आणि..."

या वेळी सगळ्या गावाने ऐकलं.

त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला.

"मामा, बाबांचं नाव तर घेतलं. त्यांच्यानंतर गावात कोणी गेलंही नाही. मग आता तो आवाज कोणाच्या नावासाठी थांबलाय?"

"भीती वाटते का रे?"

"नाही. लाज वाटते."

 

मी "निकेत" अशी हाक मारणार, इतक्यात फोनमध्ये... कोणीतरी खाकरलं.