गडग्यावरचं मडकं

त्या दिवशी मी विहिरीवरून तिसरी खेप आणली, हंडा उतरवला आणि पाहते तर हाजरा मडकं भरून अंगणाबाहेर निघालेली. वाटेच्या कडेला, जांभ्या दगडाच्या बुटक्या कुंपणभिंतीवर, गडग्यावर तिने ते ठेवलं आणि वर करवंटी उपडी घातली. वैशाख होता. आमच्या रत्नागिरीत त्या दिवसांत विहिरींचा तळ दिसतो.

हाजरा माझ्या भावाची, हुसेनची मुलगी. वय नऊ. हुसेन रंगूनला बोटीवर कामाला होता, तिथल्याच बाईशी त्याने निकाह लावला. एकोणपन्नास साली तिकडे लढाई पेटली, त्यात तो गेला. त्याच्या बायकोने आसरा मागणारं पत्र धाडलं. उत्तर मी लिहिलं. पोरगी पाठवा, ती आमचं रक्त. तुम्ही येऊ नका. पोरीला एका गाववाल्याने बोटीने आणून सोडलं. तिच्या बोचक्यात एक सुगंधी लाकूड होतं. तिकडच्या बायका ते उगाळून गालांना लावतात. पहिल्याच दिवशी मी ते चुलीत घातलं. हे सगळं मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं, काय सांगू!

"कोनासाठी गो हे पानी?" मी ओरडले. "दुपारचं कुत्रंसुद्धा फिरकत नाय इथं."

"चालत येणाऱ्यांसाठी, फुफी. आमच्याकडे ठेवतात."

"इथं आपलीच मारामार नि तुझं हे..."

"आई म्हणाली होती, बोटीत घेतलं नाही तर चालत येईन."

रंगूनहून चालत! मी हसले. पण संध्याकाळी मडकं रिकामं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दुपारी मी जेवण टाकून खिडकीशी बसले. वाटेवर कोणी नव्हतं. पोरगी माझ्या मागे चटईवर झोपली होती. मग करवंटी मडक्याच्या काठाला लागली... एकदा... पुन्हा एकदा. आणि कोणीतरी घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज.

मी भ्याले, आणि भ्याले की मला राग येतो. बाहेर जाऊन मी ते मडकं वाटेवर आपटलं. तापल्या दगडावर पाणी बघता बघता सुकलं. वास मात्र राहिला. मी जाळलेल्या त्या लाकडाचा.

घरात आले तर हाजरा उठून बसलेली. दोन्ही गालांना ओला, पिवळसर लेप. त्यावर मोठ्या माणसाची बोटं उमटलेली.

"फुफी... आई विचारते... ते पत्र कोणी लिहिलं?"

"मला नाय ठाऊक," मी म्हटलं. आईवेगळ्या पोरीच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोलले.

तेव्हापासून नवं मडकं रोज मीच भरते, काठोकाठ. संध्याकाळपर्यंत त्यातला थेंबही कमी होत नाही.

सकाळी कोरडा असतो तो रात्री माझ्या उशाशी भरून झाकून ठेवलेला तांब्या.