नजराण्याच्या चाकूची मूठ

घोणसगडाच्या पूर्व बुरुजावर त्या दिवशी उजाडले तेव्हा नौबत झडली नाही. ती वाजवणारा तापाने पडला होता, आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणी उठावे इतके बळ गडावर उरले नव्हते. खाली दरीतल्या धुक्यातून वेढ्याच्या राहुट्यांची टोके एकेक करून वर येत होती, आणि दहा महिने तेच पाहून विटलेले पहारेकरी तिकडे पाठ करून बसले होते. वेढा घालणारे परमुलखातले नव्हते. एकाच गादीच्या दोन वारसांच्या तंट्यात घोणसगड एकीकडे पडला होता आणि सरदार दारकोजीराव दुसरीकडे, एवढेच.

किल्लेदार रायाजीराव भापकरांनी अखेर बोलणे लावले होते. चार दिवसांनी पायथ्याशी शामियान्यात दोघांची भेट ठरली, आणि भेटीस कोणी हत्यार आणणार नाही अशी दोन्ही पक्षांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. रीतीप्रमाणे नजराणा मात्र न्यायचा होता. देण्याजोगे गडावर उरले होते ते मीरासाहेब शिकलगाराच्या हातचे पोलाद.

मीरासाहेब साठीला टेकला होता. त्याचे मिटते चाकू, ज्यांचे पाते मुठीच्या खाचेत आवाज न करता निजत असे, फळे चिरायला आणि कलमे तासायला मोठमोठे सरदार हौसेने बाळगत. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात त्याचा एकुलता मुलगा इब्राम तटावर तोफेच्या गोळ्याने गेला. तेव्हापासून तो तलवारींना धार लावी, बोलत मात्र क्वचितच.

त्या सकाळी सरनौबत सुभानराव, किल्लेदारांचे मेहुणे, नजराण्याचा चाकू घडवायला सांगण्यासाठी स्वतः त्याच्या भट्टीपाशी आले. मीरासाहेबाने घोंगडीवर मुठीचे जिन्नस मांडले: जुन्या अंबारीचा हस्तिदंत, सांबरशिंग, शिसवाचा तुकडा, म्हशीचे शिंग. नजराण्याला हस्तिदंतच शोभेल, असे त्याने सांगितले. सुभानरावांनी तिकडे पाहिलेही नाही. सांबरशिंगाचा खडबडीत तुकडा उचलून ते तळहातात दाबून पाहू लागले. हात घामाने भिजला तर ही मूठ निसटणार नाही ना, असे त्यांनी विचारले. उघडलेले पाते पुन्हा मिटू नये असा खटका बसवता येईल का, तेही विचारले. आणि पाते नेहमीपेक्षा दोन बोटे लांब हवे म्हणाले.

मीरासाहेब खाली मान घालून ऐकत राहिला. चाळीस वर्षांत डाळिंब सोलणाऱ्या एकाही सरदाराने त्याला ओल्या हाताची गोष्ट विचारली नव्हती.

"सरकार, हा चाकू तबकातूनच जाणार ना?"

"तबकातूनच जाईल, आणि तबक मी धरीन," सुभानराव म्हणाले. "पुढचे विचारू नकोस. तुझा मुलगा आणि माझा धाकटा भाऊ एकाच गोळ्याने गेले, तेवढे ध्यानात ठेव."

ते गेल्यावर मीरासाहेबाने सांबरशिंगाचा तुकडा घोंगडीवर परत ठेवला. सांगितला तसा चाकू घडवला तर त्याने दारकोजीराव पडले असते, यात शंका नव्हती. पण गडाने घेतलेली शपथ मोडली असती, आणि मग खालच्या फौजेने गडावरच्या तीनशे जिवांपैकी एकही ठेवला नसता. इब्रामचा सूड आपल्याला हवा आहे का, असे त्याने स्वतःच्या मनाला विचारून पाहिले. मन थकले होते. त्याला फक्त हे सारे थांबायला हवे होते.

तीन दिवस खपून त्याने हस्तिदंताचीच मूठ घडवली, ती घोटून इतकी गुळगुळीत केली की कोरड्या हातातही ती नीट ठरेना. खटका बसवला नाही, आणि पात्यामागची कमान मुद्दाम ढिली ठेवली. त्या चाकूने भोसकणाऱ्याच्या बोटांवरच पाते मिटले असते.

चौथ्या दिवशी सदरेवर सुभानरावांनी तबकातला चाकू उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. हा मी सांगितला तो नव्हे, असे ते म्हणाले. किल्लेदारांनी मीरासाहेबाकडे पाहिले.

"सरकार, मला सांबरशिंग सांगितले होते," मीरासाहेब म्हणाला. "घामाने निसटू नये म्हणून, आणि पाते मिटू नये म्हणून. मी हस्तिदंत घातला. हा हातात ठरत नाही, मारायला उपयोगाचा नाही. चूक असेल तर मान हजर आहे."

रायाजीरावांनी मेहुण्यांना एवढेच विचारले, "आमची शपथ मोडून?"

सुभानरावांनी चाकू तबकात परत ठेवला. किल्लेदार उठले.

"तबक मीरासाहेब धरतील," ते म्हणाले. "सुभानराव गडावर राहतील."

शामियान्यात दारकोजीरावांनी चाकू उघडला, मुठीवरून अंगठा फिरवला आणि कारागीर कोण ते विचारले. मीरासाहेब पुढे झाला. घरी कोण कोण आहे, असे त्यांनी सहज विचारले. आता कोणी नाही, मुलगा याच वेढ्यात गेला, असे त्याने सांगितले. दारकोजीरावांनी चाकू मिटून स्वतःच्या शेल्यात खोवला. त्यानंतर बोलणे फार लांबले नाही. गड खाली करावा, गडकऱ्यांनी हत्यारांनिशी आणि बायकापोरांनिशी जावे, वाटेत कोणी अडवू नये, असे ठरले.

सुभानराव त्याच आठवड्यात वीस स्वारांनिशी दूरच्या मोहिमेवर निघून गेले आणि परतले नाहीत. रायाजीरावांनी पुन्हा चाकरी धरली नाही. मीरासाहेब खालच्या बाजारपेठेच्या गावी विळे-कोयत्यांना धार लावू लागला, आणि त्याच्या हस्तिदंताने गड गेला, ही गोष्ट त्याच्याआधी तिथे पोहोचली होती.

एकदा घोणसगडचाच एक जुना शिपाई कोयता घेऊन आला आणि चार माणसांदेखत त्याने तोच बोल मीरासाहेबाला लावला. मीरासाहेबाने कोयता सहाणेवर धरला.

"गेला खरा," तो म्हणाला. "गडावरून किती माणसे उतरली?"

शिपायाने पलीकडे पाहिले. बाजारातून त्याची बायको दोन मुलांना हाताशी धरून येत होती. धार लागेपर्यंत तो तिथेच खाली बसून राहिला.