दारातली काच

टेपचं एक टोक भिंतीला धरून दुसरं ओढत जायचं, हे काही एकट्या माणसाचं काम नव्हे. तिसऱ्यांदा तिचं टोक सटकलं, तेव्हा मागून आलेल्या एका हाताने ते झेललं.

"खेचा बिनधास्त. मी सोडणार नाही."

"सगळ्यांना असंच सांगता?"

"छे... आजच सुरुवात केली."

तो त्या शाळेचा मास्तर. शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. इमारत पडायला आलेली, म्हणून नवीचा नकाशा काढायचं काम तिच्याकडे आलं होतं. दोन दिवसांची मोजमापं दोघांनी पंधरा दिवस पुरवली. एक भिंत तर चारदा मोजली. मुलांना कळायचं ते कळलं. त्यांनी तिला खुणेचं नाव दिलं – दोन चिमट्या एकमेकींपासून लांब ओढायच्या. टेपवाली! आणि ते नाव घेताना मास्तरांकडे बघून खुदकन हसायचं.

"एक वचन दे," तो एकदा चहा पिताना म्हणाला. "नकाशा पक्का करण्याआधी मुलांना दाखव. तिथे दिवसभर तीच बसणार आहेत."

"आणि तुला नको दाखवायला?"

"मला... तू दिसलीस तरी पुरे."

तिने लाजत वचन दिलं.

पण त्याचा वाढदिवस तोंडावर आला होता. मंजूर झालेला नकाशाच त्याच्या हातात ठेवायचा, असं तिच्या मनाने घेतलं. मुलांना काय विचारायचं, मी थोडंच त्यांचं वाईट करणार आहे? तिने जीव ओतून काम केलं. वर्गात शांतता राहावी म्हणून दारंसुद्धा जाड, भरीव लाकडाची दिली.

नकाशावरचा मंजुरीचा शिक्का बघून त्याचा चेहरा उतरला. "मुलांनी पाहिला?"

"अरे, तुझ्यासाठीच तर घाई केली..."

त्याने नकाशा गुंडाळून तिच्याकडे परत दिला. तिला वाटलं, निवळेल.

नवी शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात एक नऊ वर्षांची मुलगी वर्गात मागे राहिली. भरीव दारातून आतलं दिसेना; आयाने सवयीने बाहेरून हाक मारली, उत्तर आलं नाही, तिने कडी घातली. जुन्या दाराच्या फटीतून निदान बाहेरचं दिसायचं. इथे पोर दोन तास बंद दाराकडे बघत बसली.

"शांततेची काय कमी होती गं त्यांना?" मास्तर हळूच म्हणाला. "उद्या आपलं लग्न, घर, सगळं तू ठरवशील आणि मला वाढदिवसाला कळेल."

तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती सुताराला घेऊन आली. दारात काच कुठे बसवायची, हे तिने त्या मुलीला खुणांनी विचारलं. मुलीने तिला टेपचं टोक जमिनीला धरायला लावलं आणि दुसरं आपल्या डोळ्यांपर्यंत ओढलं. टेपवालीने स्वतः आखली असती, तर काच वीतभर वर गेली असती.

काच बसली. पलीकडे मास्तर उभा होता. ती दार उघडून त्याच्यापाशी गेली.

"तुला काय हवंय?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"थोडं... लांब राहायचंय मला."

तिला खूप बोलावंसं वाटलं. पण विचारलं तिनेच होतं, आता ऐकायलाही हवं होतं. ती मान डोलावून निघाली.

फाटकापाशी तिने वळून पाहिलं. मुलं दोन चिमट्या लांब ओढून तिला निरोप देत होती. या वेळी मास्तरांकडे बघून कुणी हसलं नाही.