धावपट्टीवरचे दिवे

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. कल्याणच्या पूर्वेला, नेवाळीच्या माळावर. साल १९४९, पौष महिना, दिवेलागणीची वेळ. ज्याच्यासोबत घडलं तो काळुराम थापा मारणाऱ्यातला नव्हता. पुढे आयुष्यभर तो त्या माळाकडे पाठ करूनच जेवायला बसायचा.

लढाईच्या काळात सरकारने तिथल्या शेतांवर विमानतळ बांधला. काळुरामचं शेतही त्यात गेलं. बदल्यात त्याला तिथेच काम मिळालं... दिवे लावायचं.

रात्री विमान उतरायचं असलं की धावपट्टीच्या दोन्ही कडांना रॉकेलचे दिवे पेटवायचे. वरून पायलटला तेवढीच वाट दिसे.

एका पावसाळी रात्री पाच विमानं उडाली. पहाटेपर्यंत काळुरामने एकही दिवा विझू दिला नाही.

एकही परत आलं नाही.

लढाई संपली, गोरे गेले. बराकींचे पत्रे, दारं, खिळेसुद्धा नाहीसे झाले. धावपट्टी तेवढी उरली. लोकांनी कडेच्या जमिनीत पुन्हा भात लावलं आणि झोडणीला थेट धावपट्टीवर आणलं. टणक, सपाट, उंदरांची बिळं नाहीत. असं खळं बापजन्मात कुणी पाहिलं नव्हतं!

गाड्यांसाठी मधली वाट मोकळी सोडून सगळ्यांनी भाताच्या राशी दोन्ही कडांना घातल्या. तिन्हीसांजेला राशी पुजल्या. नारळ फोडले. प्रत्येक राशीपाशी एक दिवा लावला. हा दिवा फुंकायचा नसतो. तेल संपून आपणहून शांत होऊ द्यायचा.

काळुराम घरी पेंढा टाकून परतत होता. धावपट्टीच्या टोकाला आला, आणि थबकला.

दिव्यांच्या दोन ओळी.

सरळ.

मध्ये अंधारी वाट.

ही वाट त्याने शेकडो वेळा आखली होती.

रातकिडे गप्प झाले. बैल दावं ओढायला लागले. आणि मलंगगडाच्या बाजूने...

घरघर.

तो धावत सुटला. पहिला दिवा फुंकला, दुसरा फुंकला. त्या राशीचा मालक धोंडीबा अंगावर धावून आला.

"आरं कालू, येडा झालास कं? राशीचा दिवा फुंकतंस?"

"इजवा! सगले इजवा!"

घरघर जवळ आली. तो फुंकत तसाच पुढे धावला. शेवटच्या राशीपाशी त्याची म्हातारी आई बसली होती, आवडाबाई. तिने दोन्ही तळवे दिव्याभोवती धरले.

"आये, सोड!"

"आपले जमिनीचा पयला भात हाय रं. मी नाय इजवू देनार."

आवाज डोक्यावर आला. काळुरामने वर पाहिलं. नुसत्या चांदण्या. विमान नव्हतंच. तरी भुसा उडाला, डोळ्यांत गेला. आईला कवटाळायला त्याने हात पसरले...

हाताला काहीच लागलं नाही.

मग सगळं शांत.

डोळे चोळून पाहतो तर आवडाबाई चार पावलांवर, अंधारात उभी. हातात रिकामा तांब्या, कुणाला पाणी दिल्यासारखा पुढे धरलेला.

"आये... कोन व्हता?"

"पोरगा. तानेला व्हता. पानी पिला."

"काय बोल्ला?"

"त्याची भास माला कं समजते?" तिने अंगठा मुडपून चार बोटं दाखवली, मग हात वर आभाळाकडे केला. "आसा केला त्यानं."

काळुरामला ती पाच विमानं आठवली. एक उतरलं होतं, चार अजून वरच होती.

सकाळी पेंढ्यावर जाड रबरी चाकांच्या दोन चाकोऱ्या दिसल्या. आवडाबाईच्या राशीपर्यंत आलेल्या. परत गेलेल्या नव्हत्या.

त्या सालापासून काळुरामने खळं घराच्या अंगणात केलं, राशीला दिवा म्हणून लावला नाही. दर पौषात तिन्हीसांजेला घरघर माळावर घिरट्या घालायची आणि विरून जायची. आवडाबाई कळवळायची.

"कोनाची तरी पोरां हायेत रं. दिवा लाव."

तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

१९५३ च्या पौषात आवडाबाई गेली. घरात तिला जिथे निजवलं होतं तिथे दिवा ठेवला. दहा दिवस तेवता ठेवायचा. काळुरामची बायको गोदा तेल घालत होती.

तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला...

गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.

घरघर.

या वेळी ती माळावर फिरली नाही. सरळ घरावर आली. कौलं थरथरली. काळुराम दिव्यावर वाकला, त्याने छाती भरून श्वास घेतला. गोदाने त्याचं मनगट धरलं.

"आयेचा दिवा हाय तो."

तो श्वास त्याला सोडता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईला अंधारात कसं लोटायचं?

आवाज थांबला.

पडवीत पाण्याचा हंडा होता. त्यावर तांब्या वाजला.

काळुराम कान देऊन बसला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

"झाले," तो पुटपुटला. "आयले सगले."

तांब्या पाचव्यांदा वाजला.

पहिला गेलाच नव्हता. चार वर्षं इथेच होता.

सकाळी हंडा कोरडा पडलेला. गोदाने तो पुन्हा भरला. काळुरामने अंगणात येऊन आभाळाकडे पाहिलं. पाचच विमानं त्याच्या माहितीतली होती. तो नसताना किती उडाली, किती परतली, कुणास ठाऊक.

आणि दिवा अजून आठवडाभर तेवायचा होता.