तांबेऱ्याची ओळ

आत्यानं शेतातली एक ओळ मुद्दाम आजारी ठेवली होती, हे शाल्मलीला काही केल्या पटेना.

चारापिकांच्या त्या संशोधन केंद्रात कडवळ (हिरव्या चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी) डोलत होतं. मधली ओळ मात्र तांबेऱ्यानं (पानांवर विटकरी पुळ्या आणणारा बुरशीचा रोग) माखली होती. गावी हाच रोग पडला होता. असल्या चाऱ्याला घरची कालवड, चांदी, तोंड लावत नसे. तिच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

आत्या जेवायला गेली, तशी शाल्मलीनं फवारणीच्या यंत्रमानवाला गाठलं. "राखण्या, त्या ओळीला औषध मार ना."

"मारतो," म्हणत तो निघाला.

आत्या परतली तेव्हा टोकाची चारच झाडं फवारायची राहिली होती. "थांब रे! शाल्मली, तू सांगितलंस?"

"आजारी होती गं ती..."

"आणि हा नंदीबैल! मान डोलावून मोकळा."

"मान डोलावण्याची सोय माझ्यात नाही," राखण्या म्हणाला.

आत्या हसली नाही. बांधावर बसून म्हणाली, "भरपूर पाल्याच्या कडवळाचा रानज्वारीशी संकर (दोन वाणांचं मीलन) केलाय. रानज्वारीला हा रोग होत नाही, पण पाला तुटपुंजा. आजूबाजूची ही सगळी त्यांची पिल्लं. पाला आणि प्रतिकारशक्ती, दोन्ही कुणाला मिळालं, सांग बरं?"

शाल्मलीनं निरखून पाहिलं. सगळीच हिरवीगार. "रोग आल्याशिवाय कसं कळणार?" म्हणताना तिची जीभ अडखळली. "म्हणून ती ओळ!"

"वाऱ्यानं तिथून सगळीकडे पसरायचा होता. आता हंगाम गेला."

"चार झाडं आहेत ना अजून?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मग दोघींनी त्या पानांवरचे बीजाणू (बुरशीचे बीसारखे सूक्ष्म कण) कुंचल्यानं झाडून पाण्यात मिसळले. उन्हं उतरल्यावर शाल्मलीनंच ते पाणी रोपारोपावर शिंपडलं. निरोगी पानांवर रोग टाकताना तिचा हात जड झाला, पण थांबला नाही.

कडवळ निसवलं (कणसं बाहेर पडली) तोवर शेत विटकरी झालं होतं. तीनच दांडगी झाडं स्वच्छ हिरवी होती.

"एवढीशीच?"

"तीन म्हणजे चैन आहे, बाई!"

"एक पान चांदीला नेऊ?"

"अं हं. बी धरायचं, पेरायचं, पुन्हा रोग टाकून पाहायचं. चांदीला वासरू होईल ना, त्याला मिळेल हा चारा."

शाल्मलीला वाईट वाटलं. तरी तिनं तिन्ही कणसांवर, परके परागकण शिरू नयेत म्हणून, कागदी पिशव्या चढवल्या आणि वासराला नाव काय ठेवावं याचा विचार करू लागली.